दुकानं गेली, गाण्यांच्या नोंदी कोण ठेवणार?

मुंबईत काळा घोड्याला रिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान होतं. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं हे दुकान २०१६ च्या सुरुवातीला बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर कित्येकांनी आठवणी लिहिल्या. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने विकत घेतली आणि त्याचा घोटाळा बाहेर आल्यावर ईडीने तिच्यावर टाच आणली. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस तर त्याआधीच इतिहासजमा झालं होतं. जिल्ह्याच्या गावांतली कॅसेटची दुकानं कधी मोबाइलची कव्हरं विकायला लागली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

या दुकानांसाठी वाटणारी हळहळ खरी आहे आणि ती माझीही आहे. पण तिचं पुढे काय होतं ते पाहिलं की वाईट वाटतं. कव्हरचा वास, सुई टेकल्यावरची खरखर, पेन्सिल घालून गुंडाळलेली कॅसेटची फीत, याच चार गोष्टी आपण एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतो आणि थांबतो. त्यातून ज्यांना परवडतं ते हजारो रुपये देऊन नव्याने छापलेली एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घेतात. माझं म्हणणं असं, की ही हळहळ वाया जाते आहे. गाण्यांची दुकानं धंदा करता करता काही सार्वजनिक कामं पार पाडत होती. कोणतं गाणं कोणाचं, कधीचं, कोणी वाजवलं, याची माहिती ती गिऱ्हाइकाच्या हातात देत होती. कमी खपाचं गाणं ती फळीवर टिकवत होती. आणि एकाच ध्वनिमुद्रिकेच्या शेकडो प्रती शेकडो घरांत पोचवून ती गाणं नष्ट होण्यापासून वाचवत होती. यातलं कुठलंही काम आज कोणाच्याही अंगावर नाही. ते कायद्याने आणि सार्वजनिक पैशाने कोणाच्या तरी अंगावर टाकावं लागेल, आणि तशी मागणी आपणच करायला हवी.

रिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड घेण्याआधी ती ऐकून बघायला छोट्या बंदिस्त खोल्या होत्या. आत जायचं, ऐकायचं, पटलं तर घ्यायचं. शहरातल्या मैफलींची तिकिटंही तिथेच मिळत. म्हणजे गाणं विकणारा आणि गाणारा यांच्यात जिवंत दळणवळण होतं. अशा दुकानांत काउंटरमागे उभा राहणारा माणूस हा त्या धंद्याचा गाभा होता. गिऱ्हाइकाने अर्धी ओळ गुणगुणली की तो पाठ फिरवून नेमक्या फळीवर हात टाकायचा. एकाच रागाच्या चार गायकांच्या रेकॉर्डी समोर ठेवून, ‘तुम्ही आधी ही ऐका, ती नंतर’ असं सांगायचा. अलूरकरांनी तर त्यापुढची पायरी गाठली. सुरेश अलूरकर विक्रेते होते आणि प्रकाशकही झाले. शास्त्रीय संगीताच्या कॅसेट आणि सीडी त्यांनी स्वतः काढल्या. आपल्याकडे येणारा श्रोता काय शोधत येतो आणि काय न मिळाल्याने परत जातो, हे त्यांना रोज दिसत होतं, म्हणूनच हे जमलं. आज अ‍ॅपलाही आपण काय ऐकतो ते कळतं. पण त्यातून ते आपल्याला त्याच वळणाचं आणखी ऐकवतं. ‘हे कोणीच काढलेलं नाही, मग मी काढतो’ असं त्याला कधी वाटत नाही.

तरीही काळा घोडा आणि कर्वे रस्ता एवढ्यावरच आपली आठवण थांबली, तर ती अर्धवट राहील आणि थोडी अन्यायकारकही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य माणसांनी गाणं कधी अशा दुकानातून घेतलंच नाही. एलपी आणि रेकॉर्ड प्लेअर ही पगारदार घरांची मिजास होती. बाकीच्यांसाठी रेडिओ, लग्नमांडवातला कर्णा आणि चहाच्या हॉटेलातला रेकॉर्ड प्लेअर. हे चित्र बदललं ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही वस्तू आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरोघरी गेली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेटची किंमत पाडली आणि ती किराणा दुकानांपासून पानाच्या टपऱ्यांपर्यंत विकायला ठेवली. एचएमव्ही या जुन्या रेकॉर्ड कंपनीची पिढ्यान्‌पिढ्यांची सद्दी त्या दहा वर्षांत मोडली. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता, फार भांडवलही लागत नव्हतं. त्यामुळे ज्या गाण्यांकडे मुंबईच्या कंपन्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती गाणी पहिल्यांदा बाजारात आली.

त्यांची दुकानंही वेगळी होती. एसटी स्टँडच्या बाहेरचा गाडा, जत्रेतलं पाल, आषाढीला पंढरपुरात लागणारी ओळ, ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीपाशी आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीपाशी लागणारे स्टॉल. पुस्तकं, मूर्ती, बिल्ले आणि त्यांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटची रास. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांचा आवाज, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज गावोगाव गेला त्यात या स्टॉलचा वाटा फार मोठा आहे. तमाशाचे वग, शाहिरांचे पोवाडे, कोकणातला शक्ती-तुरा, कोळीगीतं, वारकरी भजनं, गोव्यात तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या कॅसेट, हे सगळं अशाच वाटांनी विकलं गेलं. गावातल्या ‘रेकॉर्डिंग सेंटर’वाल्याला मी याच रांगेत बसवतो. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन जायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. हे कायद्यात बसत नव्हतं, हे सांगायलाच हवं. पण आमच्यासारख्या कितीतरी घरांत गाण्यांचा पहिला संग्रह तसाच झाला, आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी याच कॅसेट गेल्या.

म्हणून ‘रेकॉर्डची दुकानं’ म्हणताना मला हे दोन्ही बाजार दिसतात. आणि या दोन्ही बाजारांतल्या गाण्यांची आजची स्थिती सारखी नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी माहितीचं. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग तिथे आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तीन मिनिटांचं गाणं संपताना गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगतात. कारण मुद्रण व्हायचं इथे आणि तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव छापायचं ते कळावं, यासाठी ही सोय होती. आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची सुरुवातच कलाकाराचं नाव तबकडीवर नीट यावं या काळजीने झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायक, राग किंवा नाटकाचं नाव, क्रमांक असं सगळं छापलं जाऊ लागलं. एलपी आल्यावर कव्हरची पाठ मिळाली. तिथे तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, रागाची ओळख, गायकाचं घराणं असा मजकूर असायचा. कित्येक श्रोत्यांचं संगीतशिक्षण त्या पाठीवर झालं.

हे नुसतं सौजन्य नव्हतं. कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने ५२-अ हे कलम आलं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना ते तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष हे त्या ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर दाखवणं या कलमाने बंधनकारक केलं. नकली कॅसेटचा सुळसुळाट रोखणं हा त्यामागचा हेतू होता. आता गाण्याला वेष्टनच उरलं नाही. अ‍ॅपमध्ये एखादं जुनं नाट्यपद उघडून बघा. वर्षाच्या जागी बऱ्याचदा त्या गाण्याचा समावेश असलेल्या कुठल्याशा संकलनाचं वर्ष असतं. तीसच्या दशकातलं गाणं २००० नंतरचं म्हणून समोर येतं. गीतकाराचं नाव कधी असतं, कधी नसतं. साथीदारांची नावं जवळजवळ नसतातच.

एक उदाहरण घेऊ. पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर गीतरामायण प्रसारित झालं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. रेडिओवर ती गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. नंतर बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं घरोघर पोचली. बाबूजींच्या संगीतामागे त्यांचे सहायक आणि व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांचे कष्ट होते. आज पंचवीस वर्षांच्या मुलीला हे गीतरामायण आवडलं, आणि हे व्हायोलिन कोणाचं, रेडिओवरचे मूळ आवाज कोणाचे, असा प्रश्न तिला पडला, तर तिला अ‍ॅपमधून त्याचं उत्तर मिळेल का? पूर्वी दुकानदाराने निदान, ‘थांबा, सांगतो’ म्हटलं असतं. मोबाइलच्या पडद्यावर ही माहिती द्यायला जागा कमी पडते, हे कारण मला पटत नाही. ज्या यंत्रणेला कोणी कोणतं गाणं कितव्या सेकंदाला बंद केलं हे ठाऊक असतं, तिला तबलजीचं नाव साठवणं जड नाही. ते साठवण्याची सक्ती कोणी केली नाही, इतकंच. कलम ५२-अ मध्ये ‘वेष्टन’ या शब्दाच्या जोडीला गाणं जिथे ऐकवलं जातं तो पडदाही आणा, आणि वर्षासोबत गीतकार, संगीतकार आणि साथीदार यांची नावं बंधनकारक करा. संसदेने मनावर घेतलं तर ही दुरुस्ती एका अधिवेशनात होऊ शकते.

माहितीपेक्षाही मला चिंता वाटते ती प्रतींची. स्ट्रीमिंगमध्ये आपण गाणं विकत घेत नाही, ऐकण्याची परवानगी घेतो. ही परवानगी तिसऱ्याच कोणाच्या करारावर टांगलेली असते. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. दोनच महिन्यांत सारेगामाशी त्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून काढली गेली. ती परतली २०२० मध्ये, करार झाल्यावर. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. आपली भावगीतं, नाट्यपदं, जुनी चित्रपटगीतं यांचा फार मोठा भाग त्यांच्याकडे आहे. म्हणजे वर्षभर, पैसे भरूनसुद्धा, तिथे तो खजिना बंद होता. २०२३ मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांचंही तसंच झालं. २०२४ मध्ये एअरटेलने विंक हे आपलं गाण्यांचं अ‍ॅप बंद केलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. दुकान बंद पडलं म्हणून घरातली रेकॉर्ड कधी कोणी परत न्यायला आलं नव्हतं.

कमी ऐकलं जाणारं गाणं या व्यवस्थेत कसं राहील, याचाही विचार करा. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की ज्या ध्वनिमुद्रणाला मागच्या बारा महिन्यांत एक हजारपेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं, त्याला मानधनाच्या हिशेबात धरत नाहीत. सोलापूरच्या एखाद्या शाहिराचा पोवाडा, एखाद्या बुजुर्ग गायिकेचा अर्ध्या तासाचा ख्याल, हे सगळं या रेषेखाली सहज जाऊ शकतं. दुकानात अशी रेकॉर्ड वर्षाला दोनच विकली जायची, पण त्या दोन्ही विक्रीचे पैसे कोणाला तरी मिळायचे आणि तिसऱ्या गिऱ्हाइकासाठी एक प्रत फळीवर उभी असायची.

त्या उभ्या प्रतीचं मोल किती, याची एक खरी हकीकत आहे. नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी पाठवली. त्यात भारतातून एकच गायिका आहे, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी. तबकडीसाठी गाणी निवडणाऱ्यांना केसरबाईंचं ते ध्वनिमुद्रण मिळेना, कारण ती रेकॉर्ड बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. कोणा दुकानदाराने न खपलेला माल फेकून दिला नाही, म्हणून केसरबाईंचा आवाज आज सूर्यमालेबाहेर आहे. याउलट त्यांचे गुरू अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा मूळपुरुष १९४६ पर्यंत आपल्या मुंबईत हयात होता, रेकॉर्ड कंपन्या दारात होत्या, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे आपण शिष्यांच्या गाण्यावरून ताडतो. संगीत नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर तर १९०१ मध्ये गेले, पहिली तबकडी निघायच्या वर्षभर आधी. ते गेलेलं गेलं, त्याला इलाज नव्हता. जे मुद्रित झालं, छापलं गेलं, विकलं गेलं, ते आपल्या डोळ्यांदेखत नाहीसं होऊ देणं ही मात्र सरळ हयगय आहे.

इथे कायद्याकडे बघू. पुस्तकासाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रांचाही समावेश झाला. ध्वनिमुद्रिका त्यात नाहीत. एचएमव्हीने काढलेल्या हजारो रेकॉर्डी, ऐंशी-नव्वदच्या दशकांत निघालेल्या असंख्य कॅसेट, यांतली एकही प्रत कुठल्याही ग्रंथालयाला देणं कोणावर बंधनकारक नव्हतं, आजही नाही. फ्रान्सने ही व्यवस्था १९३८ मध्येच केली. चित्रपटांसाठी आपण १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारलं. तोवर पहिल्या बोलपटासह पुष्कळ काही हातचं गेलं होतं, पण निदान त्या तारखेनंतर प्रभातच्या चित्रपटांसाठी जायला एक दार तरी झालं. आवाजासाठी तसं सार्वजनिक दार नाही. आकाशवाणीकडे संग्रह आहे, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राकडे आहे, पण बाजारात विकल्या गेलेल्या सगळ्या गाण्यांचा संग्रह करणं हे त्यांचं काम नव्हतंच. ते काम केलं व्यक्तींनी. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर रविवार-रविवार फिरून, भंगारात निघालेल्या लाखेच्या तबकड्या उचलून आणणाऱ्या संग्राहकांनी. १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने या संग्राहकांना एकत्र आणलं, याद्या केल्या, लेख छापले. हे ऋण फार मोठं आहे. पण संग्राहक वारला की त्याच्या मुलांपुढे कपाटभर तबकड्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर शासनाकडे नाही.

काही जण म्हणतील, कंपन्यांच्या मालकीच्या गोष्टीत सरकारने कशाला पडायचं? तर मालकीचाच हिशेब करू. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या सर्व तबकड्या, त्यातल्या मुद्रणापुरत्या, आता मुक्त आहेत. गाण्याच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. म्हणजे १९११ च्या ‘मानापमान’ची टेंब्यांनी बांधलेली आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ची भास्करबुवांनी बांधलेली पदं, बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्यांवर, शब्द-चाल-मुद्रण अशा तिन्ही बाजूंनी आज सर्वांची आहेत. मास्तर कृष्णरावांच्या चाली मात्र २०३४ अखेरपर्यंत थांबायला लावतील. असा हिशेब एकेका तबकडीचा करता येतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ नावाने जुन्या तबकड्या लोकांना फुकट ऐकायला खुल्या केल्या, प्रत्येकीच्या मुद्रणाची तारीख आणि कलाकारांच्या नावांसह. मराठी नाट्यसंगीताचा असा संग्रह महाराष्ट्र शासनाला उद्या सुरू करता येईल. त्यासाठी कुठल्याही कंपनीची परवानगी लागणार नाही, लागेल ती संग्राहकांशी सन्मानाने बोलणारी आणि त्यांच्या तबकड्यांची रीतसर किंमत मोजणारी यंत्रणा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून होणाऱ्या कामांची जी चर्चा चालते, तीत हस्तलिखितं असतात, शिलालेख असतात, अनुवाद असतात. ते सगळं हवंच. पण शंभर वर्षांपूर्वी मराठी माणूस ‘ळ’ कसा उच्चारत होता, पदाचा शेवट कुठे सोडत होता, हे फक्त या तबकड्यांना माहीत आहे. त्यांनाही त्या यादीत जागा हवी.

स्ट्रीमिंगबद्दल माझा राग आहे, असं यावरून कोणी समजू नये. मी रोज त्यावर ऐकतो. गडचिरोलीतल्या विद्यार्थिनीला आज कुमार गंधर्व ऐकायला मुंबईची वारी करावी लागत नाही, न्यू जर्सीतल्या घरात सकाळी भूपाळी लागते, नव्या गायकाला कुठल्या कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. दुकानांच्या काळात यातलं काहीच शक्य नव्हतं. सारेगामाने २०१७ मध्ये हजारो गाणी आधीच भरलेला कारवां नावाचा रेडिओसारखा डबा बाजारात आणला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली, आणि कितीतरी घरांतल्या आजी-आजोबांना गाणं परत मिळालं. सोय चांगलीच आहे. पण सोय पुरवणं हे कंपनीचं काम आणि जपणं हे समाजाचं. पहिलं झालं म्हणून दुसरंही झालं, असं आपण धरून चाललो आहोत.

आता कॅसेटकडे परत येतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. लाखेची तबकडी पडली तर फुटते, पण जपून ठेवली तर शंभर वर्षांनीही वाजते. कॅसेटचं तसं नाही. फितीवरचा चुंबकीय थर सुटतो, कोकणासारख्या दमट हवेत तिला बुरशी येते, आतली स्पंजची गादी गळून पडते, फीत ताणली जाते. आणि ती वाजवणारं चांगलं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही दुर्मिळ होत चालले आहेत. शिवाय लाखेच्या तबकडीला संग्राहक भेटला, प्रतिष्ठा मिळाली, कॅसेटला ती मिळाली नाही. बालगंधर्वांची तबकडी कोणीतरी हातरुमालात गुंडाळून आणेल. जत्रेतल्या पालात घेतलेली तमाशाच्या वगाची कॅसेट दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जाते. ज्या गाण्यांना उच्चभ्रू दुकानाने फळीवर जागा दिली नाही, त्यांनाच आता संग्रहातही जागा मिळणार नसेल, तर पन्नास वर्षांनी महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाचं गाणं म्हणून जे उरेल, ते मूठभर घरांचं गाणं असेल. आंबेडकरी जलशाचा, वगाचा, जात्यावरच्या ओवीचा, शक्ती-तुऱ्याचा आवाज त्यात नसेल. हा अन्याय दुसऱ्यांदा होतो आहे, आणि या वेळी तो करणारे आपण असू.

काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. एक तासाची कॅसेट संगणकावर घ्यायला एक तासच लागतो, त्याला आडवाट नाही. म्हणून ते एका इमारतीत बसून होणार नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली गावोगाव अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. जिल्ह्याला एका ग्रंथालयात दोन चांगले कॅसेट डेक, एक संगणक आणि काम येणारा एक पगारी माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. संगीत, मराठी आणि इतिहास या विषयांच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. लोकांनी कॅसेट आणून द्यायच्या, प्रत करून त्या परत न्यायच्या. हक्क शाबूत असलेली मुद्रणं ग्रंथालयात बसून ऐकता येतील आणि मुदत संपली की सर्वांना खुली होतील, असा नियम करता येईल. पुस्तकांच्या कायद्यात ध्वनिमुद्रिका आणि इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी गाणी यांचा समावेश करायची मागणी आपल्या खासदारांकडे लेखी जायला हवी. आजची नवी गाणी तर उद्या जुन्या कॅसेटपेक्षाही वेगाने नाहीशी होतील, त्यांची घरात ठेवलेली प्रतच नाही.

नोंदवहीत काय लिहायचं हेही आताच ठरवायला हवं. गायक, कवी, चाल कोणाची, ढोलकी, हलगी, हार्मोनियम कोणाची, कंपनी कोणती, कुठल्या गावी मुद्रण झालं, कॅसेट कुठल्या स्टॉलवरून कोणत्या साली घेतली. कारण या कॅसेटच्या कागदावर बहुतेक वेळा फक्त मुख्य गायकाचा फोटो आणि नाव आहे, बाकीचं सगळं माणसांच्या डोक्यात आहे. ढोलकी कोणी धरली होती हे सांगू शकणारे साथीदार आज साठी-सत्तरीत आहेत, काहींचे मोबाइल नंबर गावातल्या कलापथकाकडे सहज मिळतील. कायद्याची दुरुस्ती दिल्लीत व्हायची तेव्हा होईल. जिल्हा ग्रंथालयांनी या माणसांना बोलावून, त्यांच्यासमोर कॅसेट लावून, ते सांगतील ते टिपून घेण्याचं काम या आर्थिक वर्षातच सुरू करावं.